न दिसणाऱ्या जखमेची कैफियत

पुराव्याचा विचार हा वकिलांचा आणि न्यायाधीशांचा प्रांत होय. वाङ्मयाच्या टीकाकारानें त्यांत शिरूं नये, असें कोणी म्हणेल. आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत तरी हा आक्षेप टिकण्यासारखा नाहीं. कै. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनीं याच जिल्ह्यांत, खामगांव व जळगांव-जामोद येथें, वकिली केली आणि ती करतां करतांच मराठी ग्रंथांची परीक्षणें लिहिलीं. अशिलाची जबानी तपासणारी दृष्टि आणि नाटकांतील पात्राचें भाषण तपासणारी दृष्टि या त्यांच्या ठायीं दोन वेगळ्या दृष्टि होत्या असें आम्हांस वाटत नाहीं. दोन्ही ठिकाणीं प्रश्न एकच असतो: सांगणारा जें सांगतो तें त्यानें पाहिलें आहे, कीं नुसतें ऐकलें आहे?

आज ज्या गद्यप्रकाराकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों, त्याचें नांव वाङ्मयाच्या इतिहासांत सांपडणार नाहीं. युद्धभूमीवरून परतलेला, हातापायांनीं धड परंतु मनानें मोडलेला सैनिक अपंगत्वाच्या पेन्शनीसाठीं सरकारकडे अर्ज करतो आणि ‘मजवर काय प्रसंग गुदरला’ याचें एक निवेदन त्यास जोडतो. तें निवेदन म्हणजे हें गद्य. जुन्या दप्तरी भाषेंत त्यास कैफियत म्हटलें असतें, व आम्हीही तोच शब्द पसंत करतों. ज्या व्याधीविषयीं ही कैफियत असते, तिला अमेरिकेंतील मनोवैद्यांनीं १९८० सालीं ‘पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर’ असें नांव देऊन आपल्या रोगसूचींत घातलें. आपण तिला आघातोत्तर मनोव्याधि म्हणूं. रात्रीं दचकून उठणें, घडून गेलेला प्रसंग पुनः पुनः डोळ्यांपुढें घडत राहणें, माणसांत असून नसल्यासारखें होणें, एवढीं लक्षणें वाचकांच्या परिचयाचीं असतील. या गद्याला वाचक मोजकेच: वैद्यकीय बोर्डावरचे दोन-तीन डॉक्टर, पेन्शनीच्या कचेरींतील एखादा कारकून आणि प्रकरण लांबलेंच तर सैनिकी न्यायाधिकरणाचे सभासद. परंतु कोणत्याही कादंबरीकारास लाभत नाहीं एवढी सत्ता या वाचकांच्या हातीं असते. त्यांस मजकूर पटला नाहीं तर एका घराची चूल अडते.

जिल्ह्याच्या गांवीं इंग्रजी शिकविणाऱ्या प्राध्यापकाकडे लोक इंग्रजी अर्ज लिहून घेण्यासाठीं येतात. त्या निमित्तानें अशा कांहीं कैफियती आमच्या नजरेखालून गेल्या आहेत. त्या बहुतेक वाईट होत्या. खोट्या होत्या असें आमचें म्हणणें नाहीं. वाईट लिहिलेल्या होत्या, आणि म्हणून खोट्या वाटत होत्या. या दोहोंतील अंतर जेवढें टीकाकारास कळतें तेवढें कारकुनास कळत नाहीं, आणि हेंच या लेखाचें निमित्त.

ज्याचा पाय सुरुंगानें गेला त्याला कैफियत लिहावी लागत नाहीं. त्याच्यासाठीं पुण्यास १९४४ सालापासून कृत्रिम अवयवांचें केंद्र आहे, आणि त्याची रिकामी विजारच बोर्डापुढें साक्ष देते. जो मेला त्याची साक्ष गांव देतें. १४ फेब्रुवारी २०१९ रोजीं पुलवाम्यास केंद्रीय राखीव पोलिस दलाचे जे ४० जवान मारले गेले, त्यांतील दोघे आमच्या जिल्ह्याचे होते; एक मलकापूरचा, दुसरा लोणार तालुक्यांतील चोरपांग्र्याचा. त्यांचीं नांवें येथील शाळकरी मुलांसही ठाऊक आहेत, आणि तें योग्यच आहे. परंतु त्याच ताफ्यांत मागच्या गाडींत जे बसले होते, ज्यांनीं कांचेंतून तें सर्व पाहिलें आणि जे पुढें सुट्टीवर घरीं आले, त्यांचीं नांवें कोण विचारतो? त्या दलाच्या पेन्शनीचे नियम लष्कराहून वेगळे आहेत. पण मागच्या गाडींतल्या माणसाची अडचण सर्वत्र सारखीच. त्याला स्वतःची साक्ष स्वतःच द्यावी लागते.

ही अडचण नवी नव्हे. पहिल्या महायुद्धांत फ्रान्समधील खंदकांतून थरथरत, कधीं मुके होऊन परतणाऱ्या शिपायांच्या व्याधीस ‘शेल-शॉक’ हें नांव चार्ल्स मायर्स या डॉक्टरानें फेब्रुवारी १९१५ च्या ‘लॅन्सेट’ पत्रांत लेख लिहून वैद्यकांत आणलें. ब्रिटिश लष्करानें लवकरच त्या नांवाचे दोन तुकडे केले. शत्रूच्या माऱ्याचा प्रत्यक्ष परिणाम म्हणून जडलेला तो ‘डब्ल्यू’, म्हणजे जखमी. बाकीचा तो ‘एस्’, म्हणजे आजारी. जखमीला मान होता आणि पेन्शनीचा हक्क होता. आजाऱ्याकडे लोक तिरप्या नजरेनें पाहात. पुढें १९१७ सालीं असा हुकूम निघाला कीं, डॉक्टरानें ‘शेल-शॉक’ हा शब्दच लिहूं नये. ‘अद्याप निदान न झालेला, नर्व्हस’ एवढेंच टिपावें, आणि डब्ल्यू ३४३६ क्रमांकाचा नमुना शिपायाच्या पलटणीकडे पाठवावा. हा इसम खरोखर शत्रूच्या माऱ्यांत सांपडला होता काय, हें पलटणीच्या अधिकाऱ्यानें त्यावर लिहून द्यावयाचें. म्हणजे रोगी डॉक्टरानें तपासावा, आणि रोगाचें नांव मात्र ज्यानें नाडीही पाहिली नाहीं त्यानें ठरवावें! शिवाय खंदकांतल्या युद्धांत अधिकाऱ्याच्या आयुष्याचा भरंवसा तो किती. अधिकारी पडला कीं शिपायाचा साक्षीदार पडला.

आमच्या लष्करांतही शिपायाला मनोरोगतज्ज्ञाकडे पाठवितांना त्याच्या अधिकाऱ्याचा अहवाल एका ठरलेल्या नमुन्यावर सोबत जातो. त्या नमुन्याचा क्रमांक दहा आहे. तीन हजार चारशें छत्तिसांवरून दहावर येणें ही शंभर वर्षांतील प्रगति म्हणावयाची असेल तर म्हणावी.

आतां आपल्याकडील कायदा. लष्कराच्या १९६१ च्या पेन्शन-नियमांप्रमाणें अपंगत्व हें लष्करी सेवेमुळें उद्भवलेलें किंवा तिच्यामुळें बळावलेलें असलें पाहिजे आणि त्याचें मान निदान २० टक्के भरलें पाहिजे. १९८२ सालच्या हक्क-नियमांनीं त्यास एक उदार पुस्ती जोडली. भरतीच्या वेळीं ज्याच्या कागदांवर रोगाची नोंद नाहीं, तो शरीरानें व मनानें निरोगी होता असें गृहीत धरावें. शाबितीचा बोजा अर्जदारावर नाहीं. आणि वाजवी संशय उरला तर त्याचा फायदा त्याला मिळावा. धरमवीर सिंग यांच्या खटल्यांत २०१३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें या पुस्तीचा अर्थ निःसंदिग्ध शब्दांनीं सांगितला. ते सिग्नल दलांतील शिपाई, नोकरी सुमारें नऊ वर्षांची, रोग अपस्माराचा; बोर्डाचें म्हणणें कीं सेवेशीं संबंध नाहीं. न्यायालयानें विचारलें, कारण काय? कारण कागदावर नव्हतें. पेन्शन मिळाली. हा रोग मनोव्याधि नव्हे, परंतु त्यानंतरच्या बहुतेक मनोव्याधींच्या खटल्यांत याच निकालाचा आधार घेतला गेला आहे.

कायद्याहूनही आम्हांस अधिक विचार करावयास लावणारा ग्रंथ म्हणजे लष्करी डॉक्टरांसाठीं काढलेली पेन्शनविषयक मार्गदर्शिका. २००८ सालीं सुधारलेल्या तिच्या आवृत्तींत मनोव्याधि सेवेमुळें जडली असें कोणत्या परिस्थितींत मान्य करावें याची एक यादी आहे. युद्धक्षेत्र आणि बंडखोरांविरुद्धच्या मोहिमेचें क्षेत्र; उत्तुंग पर्वतावरील ठाणीं; अत्यंत एकाकी चौक्या; पाणबुडीचे अपघात; माणसें दगावलेले मोटारींचे अपघात; भूकंप-वादळांत मुलकी अधिकाऱ्यांच्या मदतीस जाऊन प्रेतांजवळ, सडलेल्या प्रेतांजवळही, करावें लागलेलें काम. एथवर ठीक. त्यापुढची यादी मात्र कोणा कथालेखकानें केली आहे कीं काय अशी शंका यावी. सेवेच्या निकडीमुळें रजा नाकारली गेली आणि त्यापासून तीन महिन्यांच्या आंत मन बिघडलें, तर व्याधि सेवेमुळें बळावली असें मानावें. कोणती रजा? एकुलत्या एका मुलाचे आई किंवा बाप वारले असतां. बायको अथवा मूल गेलें असतां. घरच्यांवर खून-दरोड्यासारखा घोर प्रसंग आला असतां. तो सैन्यांत आहे म्हणून अतिरेक्यांनीं घरच्यांवर सूड उगविण्याची धमकी दिली असतां. घर पुरांत वा भूकंपांत सांपडलें असतां. आणि शेवटीं, मुलांचें लग्न असतां किंवा तो एकटाच भाऊ असून बहिणीचें लग्न असतां, विशेषतः बाप हयात नसेल तर.

हें शेवटचें कलम आम्ही दोनदा वाचलें. बापावांचून वाढलेली बहीण, तिच्या लग्नाचा मुहूर्त, दूरच्या ठाण्यावर नाकारलेली रजा. सरकारी कागदावर हें कोणी लिहिलें असेल त्यानें शिपायांचीं घरें जवळून पाहिलीं असलीं पाहिजेत. मराठी कथेंत शिपाई येतो तो बहुधा लग्नाला वेळेवर पोंचतो, किंवा त्याचें प्रेत पोंचतें. तो पोंचत नाहीं, लग्न होतें, आणि ठाण्यावर त्याच्या डोक्यांत कांहींतरी कायमचें निखळतें, ही कथा लिहावयाची मार्गदर्शिकेच्या लेखकासाठींच राहिली होती.

नियम इतके मोकळे आहेत, तर मग गाडें अडतें कोठें? एक तर कैफियतींत. वाचकांपुढें तिचा एक नमुना ठेवतों. तो आम्हीच रचलेला आहे, कोणाही एकाच्या कागदांतून उचललेला नाहीं. पण ज्यांनीं असे कागद पाहिले आहेत त्यांस तो ओळखूं येईल. ‘मी देशसेवेसाठीं अतोनात हालअपेष्टा सोसल्या. शत्रूनें भीषण हल्ला केला व माझे सहकारी धारातीर्थीं पडले. तें हृदयद्रावक दृश्य शब्दांनीं सांगतां येत नाहीं. तेव्हांपासून माझी मनःस्थिति बिघडली आहे. तरी मायबाप सरकारनें सहानुभूतिपूर्वक विचार करावा.’

यांत एक शब्द खोटा नाहीं आणि एक शब्द त्याचा स्वतःचा नाहीं. ‘धारातीर्थीं’ वर्तमानपत्रांतून आलें, ‘हृदयद्रावक’ निबंधाच्या वहींतून, ‘मायबाप’ तहसिलींतून. दृश्य शब्दांनीं सांगतां येत नाहीं असें म्हणून ज्या एका गोष्टीसाठीं कागद घेतला तीच टाळलेली आहे. हा दोष शिपायाचा नव्हे. आपण त्याला शाळेंत असेंच लिहावयास शिकविलें, आणि गांवचा अर्जलेखक त्याच्या तोंडून निघालेलें बोलणें पुसून त्याजागीं हें घालतो, कारण त्याच्या मतें सरकारी कागदास हेंच शोभतें.

आतां तोच प्रसंग दुसऱ्या रीतीनें सांगितलेला पाहा. हाही नमुना आमचाच. स्थळ श्रीलंका, भारतीय शांतिसेनेची जाफन्यावरील मोहीम. त्या मोहिमेंत महार रेजिमेंटच्याही पलटणी होत्या, आणि वऱ्हाडांतील पुष्कळ घरांचा त्या रेजिमेंटशीं जुना संबंध आहे. तिची दुसरी पलटण १९४१ सालीं कामठीसच उभी राहिली. ‘१९८७ चा ऑक्टोबर होता. आमच्या तीन गाड्या होत्या. मी दुसरींत. पहिली गाडी उडाली तेव्हां मी बिडी पेटवीत होतों. काडी हातांतच विझली. नंतर जें सांपडलें तें आम्ही तंबूच्या कापडांत गोळा केलें. माझ्या वांट्याला बूट आले. एका बुटांत पाय होता. बूट कोणाचा तें मी ओळखलें, कारण आदल्या दिवशीं त्याचा तळ आम्ही दोघांनीं मिळून ठोकला होता. आतां दिवाळींत फटाके वाजतात त्याचें मला कांहीं होत नाहीं. कोणी काडी ओढली कीं मी खोलींतून उठून जातों.’

येथें विशेषण एकही नाहीं. परंतु बोर्डाला जें जें पडताळून पाहावयाचें असेल, तें तें या आठ-दहा वाक्यांत हाताशीं येतें. महिना आहे, म्हणून पलटणीची युद्धदैनंदिनी उघडतां येते. मेलेल्याचें नांव दिलें कीं दैनिक हुकुमांतील नोंद सांपडते. दुसऱ्या गाडीचा चालक कदाचित् जिवंत असेल. आणि फटाका नव्हे तर काडी, ही गोष्ट तर कोणी बनवून सांगणार नाहीं. बनवून सांगणारा फटाकाच सांगतो. व्याज रचणाऱ्याची कल्पना नेहमीं ऐकीव वाटेनें जाते, आणि अनुभव आडवाटेनें येतो. टीकाकार कादंबरींतील खरेंखोटें याच खुणेनें ओळखतो, बोर्डानेंही ओळखावें.

एवढें सांगून मोकळें होतां आलें असतें तर बरें झालें असतें. पण या व्याधीचा स्वभावच असा कीं ती जेथें घाव घालते तेथेंच साक्षीचें स्थान असतें. ज्याला काडी आठवते त्याला तारीख आठवत नाहीं. एकदां तो तीन गाड्या म्हणतो, एकदां चार. कधीं तर बोलतां बोलतां गप्प होतो, आणि तें मौन टिपून घेण्यास नमुन्यावर रकाना नसतो. कारकून दोन जबान्या शेजारीं ठेवतो, तफावत दिसते, आणि तिच्याखालीं तांबडी रेघ ओढतो. वास्तविक पढवलेली साक्षच दर वेळीं अक्षरशः जुळते, हें जिल्ह्याच्या कोर्टांतील कोणताही जुना वकील सांगेल. कड बदलते, गाभा बदलत नाहीं; असें असेल तेथें संशय कमी व्हावा, वाढूं नये.

मराठी वाङ्मयाकडे आम्ही या दृष्टीनें वळतों तेव्हां आम्हांस आनंद आणि खेद दोन्ही होतात. पानिपतावर ‘भाऊसाहेबांची बखर’ आहे. तिची भाषा कोणास मोहविणार नाहीं? पण तिच्या जोरावर एखाद्या घायाळ शिपायास पेन्शन मिळाली नसती. ती रणाचें वर्णन करते, माणसाचें करीत नाहीं. त्याच पानिपतावरून जीव घेऊन निसटलेल्या, वीस वर्षांच्या आंतल्या नाना फडणिसाचें लहानसें आत्मचरित्र मात्र वेगळ्या जातीचें आहे. त्यांत तो आपलें पळून येणें लपवीत नाहीं. पुढें ज्यानें राज्य चालविलें त्या माणसानें तरुणपणींची भीति स्वतःच्या हातानें लिहून ठेवावी, ही आमच्या गद्यांतील मोठी गोष्ट आहे आणि तिचें पुरेसें कौतुक झालेलें नाहीं.

परंतु या प्रकारांतील श्रेष्ठ मराठी ग्रंथ निःसंशय गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’. भटजी सैनिक नव्हते. दक्षिणेच्या आशेनें उत्तरेस गेलेले वरसईचे भिक्षुक ब्राह्मण, १८५८ सालीं झांशीच्या वेढ्यांत सांपडले. शहर पडल्यावर झालेल्या लुटीचें त्यांचें वर्णन पाहा: आधीं सोनेंरुपें गेलें, मग भांडींकुंडीं, मग धान्य. क्रम आहे, आणि क्रमांत भय आहे. ते कोठेंही ‘हृदयद्रावक’ म्हणत नाहींत. लपून बसलेल्या माणसाला आपल्या अंगणांतून आज काय उचललें गेलें हेंच दिसतें, आणि तेवढेंच ते सांगतात.

या ग्रंथाच्या दोन गोष्टी आमच्या विषयाच्या अगदीं जवळच्या आहेत. भटजींनीं तो प्रसंगानंतर सुमारें पंचवीस वर्षांनीं, चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून लिहिला. आणि १९०७ सालीं तो छापतांना वैद्यांनीं त्यावर आपला संस्कार केला. भटजींची मूळ लेखणी वाचकांस दिसली ती १९६६ सालीं, दत्तो वामन पोतदारांनीं मूळ हस्तलिखितावरून ग्रंथ काढला तेव्हां. वैद्यांसारख्या विद्वानाच्या सदिच्छेनेंही साक्षीचा मूळ स्वर झाकला जातो, तर तहसिलीसमोर टेबल मांडून बसलेल्या अर्जलेखकाच्या हातून काय होत असेल?

पंचवीस वर्षांची गोष्ट तर याहून बोचणारी आहे. लष्कराच्या २००८ सालच्या हक्क-नियमांत एक कलम आहे. एरवीं अर्जदारास शाबिती करण्यास सांगूं नये. परंतु सेवेंतून सुटल्यावर १५ वर्षें उलटून गेल्यानंतर, म्हणजे त्याचे सेवेचे कागद मुदतीप्रमाणें नष्ट झाल्यावर, दावा आला तर शाबितीचा बोजा त्याच्यावर पडतो. वाचकांनीं या कलमाचें तर्कशास्त्र ध्यानांत घ्यावें. कागद सरकारच्या ताब्यांत, ते नष्ट करण्याची मुदत सरकारची, आणि ते नाहींत म्हणून पुरावा आणावयाचा तो शिपायानें. हात किंवा पाय गेला तर तो पंधराव्या वर्षीं गेलाच असतो. पण मनाचा हा विकार पुष्कळदां उशिरां वर येतो, नोकरीच्या धबडग्यांत दबून राहतो आणि निवृत्तीच्या रिकामपणांत डोकें काढतो. गोडसे भटजींनीं दावा केला असता तर त्यांस सांगितलें गेलें असतें कीं, मुदत टळली, झांशीस होतां याचा दाखला आणा.

अमेरिकेंत हाच प्रकार एका आगीनें घडला. १२ जुलै १९७३ रोजीं सेंट लुई येथील लष्करी दप्तरखान्यास लागलेल्या आगींत सुमारें १६० ते १८० लाख शिपायांचीं सेवापुस्तकें गेलीं. प्रत्यक्ष लढलेल्याचा शब्द त्या देशांत प्रमाण मानीत. शौर्यपदक किंवा जखमेचें पदक असलें कीं वेगळा पुरावा लागत नसे. परंतु आचारी, गाडीवान, प्रेतें हलविणारा, यांच्यापाशीं पदक नसे, आणि त्यांना आपण काय पाहिलें याचा स्वतंत्र दाखला आणावा लागे. जुलै १९१० नव्हे, तर थेट जुलै २०१० पर्यंत हें चाललें. त्या महिन्यांत तेथील सरकारनें नियम बदलला: शत्रूच्या किंवा अतिरेक्यांच्या कृत्याची भीति हें कारण असेल, सरकारी मनोवैद्य तें व्याधीस पुरेसें मानीत असेल, आणि सांगितलेली गोष्ट त्याच्या सेवेच्या स्थळकाळाशीं जुळत असेल, तर त्याचा शब्द पुरे. तो कोठें होता एवढें सरकारनें पाहावें. त्याला काय वाटलें तें त्यालाच विचारावें. आम्हांस हा नियम शहाणपणाचा वाटतो.

यावर आक्षेप येतो तो उघड आहे. शब्दावर पेन्शन मिळूं लागली तर लबाडांचें फावेल. आक्षेप पोकळ नाहीं. आपल्याकडे रक्तदाब आणि मधुमेह यांसारख्या, सुखवस्तु माणसांसही जडणाऱ्या रोगांवर वरिष्ठ अधिकाऱ्यांनीं अपंगत्वाचा लाभ घेतल्याची चर्चा झाली, आणि सप्टेंबर २०२३ मध्यें नवे नियम आले ते याच वादाच्या पार्श्वभूमीवर. पण एक सांगावेंसें वाटतें. ज्याला नियम वाचतां येतात तो लबाडी करूं शकतो, आणि त्याला अडविण्यासाठीं उभारलेल्या कुंपणाचे कांटे ज्याला नियम वाचतां येत नाहींत त्याच्या पायांत मोडतात. आमच्या घाटावरच्या खेड्यांतील हवालदार स्वतःला वेडा म्हणवून घेण्यापेक्षां पेन्शन सोडून देणें पसंत करतो. लबाडीच्या भीतीनें ज्याची झडती घ्यावयाची, तो बहुधा दारापर्यंत येतच नाहीं.

शिवाय पुराव्याची मागणी एकाच बाजूस कां असावी? शिपायाच्या कैफियतीवर आम्ही टीका केली. आतां बोर्डाच्या गद्यावर करूं. त्याचा एक आवडता शब्द आहे: ‘कॉन्स्टिट्यूशनल’, म्हणजे प्रकृतिजन्य. व्याधि याच्या पिंडांतच होती, सेवेनें आणली नाहीं. हें मत असूं शकतें. पुष्कळदां तें बरोबरही असेल. परंतु कारणावांचून लिहिलेला हा एकच शब्द आणि ‘शब्दांनीं सांगतां येत नाहीं’ हें शिपायाचें वाक्य, या दोहोंत गद्य म्हणून आम्हांस फरक दिसत नाहीं. दोघेही सांगावयाचें तेंच टाळतात. फक्त एकाला त्याबद्दल शिक्षा होते.

न्यायालयानें ही गोष्ट कधीं ओळखली आहे, कधीं नाहीं. वीरपाल सिंग यांच्या प्रकरणांत, तेंही २०१३ चेंच, न्यायमूर्तींनीं स्किझोफ्रेनिया या शब्दाचा अर्थ पाहण्यासाठीं शब्दकोश आणि मनोवैद्यकाचा ग्रंथ उघडला, बोर्डानें पुरेसा विचार केलेला नाहीं असें ठरविलें आणि नव्यानें तपासणी करण्यास सांगितलें. तज्ज्ञांच्या मतास मान द्यावा, पण त्याचा न्यायालयीन फेरविचार होऊंच शकत नाहीं असें नव्हे, हा त्या निकालाचा आशय. उलट २०१९ मध्यें नरसिंह यादव यांच्या प्रकरणीं न्यायालय म्हणालें कीं, मनाचे रोग भरतीच्या तपासणींत दिसतच नाहींत, म्हणून केवळ सेवेंत प्रकट झाले एवढ्यावरून सेवेचा दोष ठरत नाहीं. दावा फेंटाळला गेला. पुढें मे २०२५ मधील एका निकालांत पुनः बोर्डानें कारणें दिलींच पाहिजेत असा आग्रह धरला गेला. ही ये-जा पाहून एखाद्यास कायदा चंचल वाटेल. आम्हांस असें वाटतें कीं न्यायालय जेव्हां जेव्हां शिपायाच्या बाजूनें झुकलें, तेव्हां तें दयेनें झुकलेलें नसून बोर्डाचें वाक्य वाचून झुकलेलें आहे.

राहतां राहिलें घर. या व्याधीचे खरे साक्षीदार पलटणींत नसतात, घरांत असतात. आणि येथें आमच्या जिल्ह्याची एक वेगळीच अडचण आहे. पिंपळगांव सराई येथें सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास तेथें मोठी यात्रा भरते, आणि मनानें बिघडलेल्या, बाधा झाली असें मानलेल्या माणसांना घेऊन हिंदू-मुसलमान दोन्ही समाजांचीं कुटुंबें दूरदुरून तेथें येतात, कित्येक तर तेथेंच मुक्काम करतात. त्या श्रद्धेची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. जेथें मनोवैद्य कोठें बसतो हेंच गांवास ठाऊक नाहीं, तेथें नवऱ्याला घेऊन बाई जाईल तरी कोठें? परंतु दर्ग्यावर केसपेपर निघत नाहीं. पुढें बोर्ड विचारतें, व्याधि होती तर इतकीं वर्षें उपचार कां केला नाहीं? उपचार झालेला असतो. पैसा, पायपीट, नवस, उपास, सगळें झालेलें असतें. जेथें कागद तयार होतो तेवढें एकच ठिकाण वगळून सर्वत्र तो फिरलेला असतो.

म्हणून आमचें मत असें कीं, अशा प्रत्येक दाव्यास बायकोची किंवा आईची जबानी, तिच्याच शब्दांत, जोडली जावी. अमेरिकेंत सोबत्याची आणि बायकोची अशी जबानी नेहमीं घेतात व तिला वजन असतें. आपल्याकडे ती जोडण्यास कोणाची मनाई नाहीं, पण जोडतें कोण? बायकोचें बोलणें हा पुरावा होय, असें अर्जलेखकास वाटत नाहीं, बोर्डास वाटत नाहीं, आणि बहुतेक वेळां तिला स्वतःलाही वाटत नाहीं.

मध्यंतरीं मलकापूर बाजूची एक बाई आपल्या नवऱ्याचे कागद घेऊन आमच्याकडे आली होती. कागदांत आधींच टंकलेला अर्ज होता आणि त्यांत तिच्या नांवें एकच वाक्य होतें: ‘अर्जदारास निद्रानाशाचा विकार आहे.’ आम्ही तिला तें वाचून दाखविलें आणि विचारलें, बाई, हें खरें ना? ती जराशी घुटमळली. ‘झोप येत नाई असं नाई, सर,’ ती म्हणाली. ‘झोपतात. पन दारातच झोपतात, अन् पायात बूट घालून. म्या एकदा झोपीत बूट काढाले गेली, त माहा गया धरला त्याईनं. मंग सकाळी पाया पडले माह्या.’ आम्ही तें वाक्य खोडलें आणि तिचें बोलणें तिच्याच शब्दांत लिहून घेऊं लागलों. इंग्रजी भाषांतर खालीं वेगळें जोडावयाचें ठरलें.